अणुकचऱ्याच्या काचेचे पाण्यातील विद्रावण

अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनावर पुनःप्रक्रिया केल्यानंतर उरणारा तीव्र किरणोत्सर्गी द्रव कचरा वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट केला जातो. या प्रक्रियेला काचीकरण म्हणतात व तयार होणाऱ्या पदार्थास अणुकचऱ्याची काच असे म्हणता येईल. ही काच जमिनीखाली खोल पुरल्यावर कालांतराने भूजलाच्या संपर्कात येईल हे गृहीतच धरलेले असते. त्या वेळी ती पाण्यात किती वेगाने झिजेल, कोणत्या परिस्थितीत तो वेग वाढेल आणि कोणत्या परिस्थितीत मंदावेल, याचा अभ्यास म्हणजे काचेच्या विद्रावणाचा अभ्यास होय. रसायनशास्त्र, भूशास्त्र व पदार्थविज्ञान या तिन्हींच्या सीमेवरचा हा विषय आहे.

काचेची निवड

काचेत अणूंची मांडणी स्फटिकासारखी शिस्तबद्ध नसते. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या वेड्यावाकड्या जाळ्यात निरनिराळ्या आकारांच्या अणूंना जागा मिळू शकते. अणुकचऱ्यात सीझियम, स्ट्रॉन्शियम, मॉलिब्डेनम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, अमेरिसियम, नेप्च्यूनियम अशी कित्येक मूलद्रव्ये एकत्र असतात. या साऱ्यांना एकाच वेळी सामावून घेणारा व कारखान्यात ओतता येईल असा पदार्थ म्हणून बहुतेक देशांनी बोरोसिलिकेट काच पत्करली. बोरॉनमुळे ती सुमारे १,००० ते १,१५० अंश सेल्सिअस तापमानास ओतण्याजोगी पातळ होते. त्याहून अधिक तापमानास सीझियमसारखी मूलद्रव्ये वाफ होऊन निसटू लागतात.

फ्रान्समधील मार्कूल येथे १९७८ साली औद्योगिक स्वरूपाचे काचीकरण सुरू झाले व पुढे ला हाग येथील संयंत्रांत ते मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. तेथील काच 'आर७टी७' या नावाने ओळखली जाते. तिच्यात वजनाने सुमारे ४५ टक्के सिलिका, १४ टक्के बोरॉन ऑक्साइड व १० टक्के सोडियम ऑक्साइड असते. उरलेल्या भागात ॲल्युमिनियम, कॅल्शियम इत्यादींची ऑक्साइडे व प्रत्यक्ष कचरा येतो. प्रयोगशाळेत हाताळण्यासाठी हिची किरणोत्सर्गरहित प्रतिकृती 'एसओएन ६८' या नावाने बनवलेली आहे. या क्षेत्रातील प्रयोगांचा मोठा भाग तिच्यावरच झालेला आहे.

काच विरघळते कशी

साखर पाण्यात विरघळते तशी काच विरघळत नाही. साखरेचे रेणू अखंड स्थितीत स्फटिकापासून सुटे होतात व पाणी आटल्यावर पुन्हा साखरच हाती येते. काचेच्या बाबतीत पाणी तिच्याशी रासायनिक प्रक्रिया करते. घटक निरनिराळ्या वेगाने बाहेर पडतात आणि पृष्ठभागावर मूळ काचेहून वेगळाच पदार्थ मागे राहतो. या कारणाने 'विद्रावण' हा शब्द येथे काहीसा सैल अर्थाने वापरला जातो, व अनेक अभ्यासक 'परिवर्तन' हा शब्द अधिक योग्य मानतात.

पहिली क्रिया आयन विनिमयाची. काचेच्या जाळ्यात सैल बसलेले सोडियम, लिथियम यांचे आयन बाहेर पडतात व त्यांच्या जागी पाण्यातील हायड्रोजनयुक्त आयन शिरतात. त्यामुळे भोवतालचे पाणी हळूहळू अल्कधर्मी होते. दुसरी क्रिया जलीय विच्छेदनाची. पाण्याचे रेणू सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन हे बंध तोडतात आणि सिलिकॉन सिलिसिक अम्लाच्या रूपात पाण्यात जाऊ लागतो. बोरॉनचे बंध याहून सहज तुटतात. तिसरी क्रिया उलट दिशेची असते. सुटलेल्या सिलिकॉनपैकी काही पुन्हा परस्परांशी जोडला जातो व पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांचा, पाणी धरून ठेवणारा एक थर तयार होतो. या थरास 'जेल' म्हणतात. चौथी क्रिया म्हणजे पाण्यातील घटकांपासून मृत्तिका-खनिजांसारखे नवे स्फटिकी पदार्थ जेलच्या बाहेरील बाजूस साचणे.

या चारही क्रिया एकाच वेळी चालू असतात. कोणत्या क्षणी कोणती वरचढ ठरते यावर एकूण वेग अवलंबून असतो.

काच किती झिजली हे मोजण्यासाठी बोरॉनचा उपयोग होतो. जेल थर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, झिर्कोनियम यांना धरून ठेवतो, परंतु बोरॉनला धरत नाही. म्हणून पाण्यातील बोरॉनचे प्रमाण पाहिले की किती जाडीची काच बदलली याचा हिशेब लागतो. पाण्यातील सिलिकॉन मोजून हा हिशेब केल्यास झीज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

झिजेच्या अवस्था

ताज्या, शुद्ध व सतत बदलत राहणाऱ्या पाण्यात काच सर्वाधिक वेगाने झिजते. यास आरंभीचा वेग म्हणतात. एसओएन ६८ काचेसाठी ९० ते १०० अंश सेल्सिअस तापमानास तो दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण १ ग्रॅमच्या घरात असतो. काचेची घनता लक्षात घेता ही झीज दिवसाला मिलिमीटरच्या तीन-चार दशसहस्रांशांइतकी, म्हणजे वर्षाला सुमारे ०.१३ मिलिमीटर भरते.

पाणी साचून राहिले तर मात्र वेग झपाट्याने घसरतो. पाण्यातील सिलिकाचे प्रमाण वाढत जाते, तसतशी बंध तुटण्याची क्रिया व बंध जुळण्याची क्रिया यांतील अंतर कमी होते. जर्मन शास्त्रज्ञ बर्न्ड ग्रांबो यांनी १९८५ साली हा संबंध गणिती स्वरूपात मांडला. त्याचा आशय असा की, पाणी सिलिकाने संपृक्त होण्याच्या जितके जवळ येईल तितका वेग आरंभीच्या वेगाच्या तुलनेत कमी होतो. परंतु केवळ एवढ्याने प्रयोगांचे स्पष्टीकरण होईना. पाणी सिलिकाने संपृक्त असतानाही झीज पूर्ण थांबत नाही, आणि जेल थर खरवडला तर ती पुन्हा वाढते. यावरून थर स्वतःच अडसराचे काम करतो हे ध्यानात आले. धातूंचे उदाहरण येथे उपयोगी पडते. लोखंडावरचा गंज भुसभुशीत असल्याने आतले लोखंड खात जातो, पण ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडाचा पातळ थर घट्ट असल्याने धातूचे रक्षण करतो. जेल थर योग्य परिस्थितीत ॲल्युमिनियमवरील थरासारखा वागतो, प्रतिकूल परिस्थितीत गंजासारखा.

थर परिपक्व झाल्यावर उरतो तो अवशिष्ट वेग. फ्रेंच काचेच्या बाबतीत तो आरंभीच्या वेगाच्या सुमारे दहा हजारांश इतका अल्प आढळतो. या फरकाचे महत्त्व एका हिशेबावरून कळेल. ला हाग येथील पोलादी डब्याचा व्यास सुमारे ४३ सेंटिमीटर असून त्यात ४०० किलोग्रॅमच्या आसपास काच असते. अखंड ठोकळा आरंभीच्या वेगाने बाहेरून झिजत गेला तर मध्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतील, अवशिष्ट वेगाने १ कोटी ६० लाख वर्षे. मात्र ओतलेली काच थंड होताना तडकते व पाण्याला मिळणारे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते. ते ४० पट वाढले असे धरल्यास पहिला आकडा ४० वर्षांवर येतो आणि दुसरा ४ लाख वर्षांवर. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. अरुंद भेगेत अडकलेले पाणी लवकरच संपृक्त होत असल्याने तेथे आरंभीचा वेग टिकू शकत नाही, आणि खऱ्या साठवणीतील तापमानही येथे धरलेल्यापेक्षा कमी असणार. तरीही ४० वर्षे आणि ४ लाख वर्षे यांतील दरी पाहिली म्हणजे संशोधकांनी चार दशके या एका पातळ थरामागे का घालवली हे समजते. काचेतील सीझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आहे. ही मूलद्रव्ये काही शतकांत नगण्य होतात. टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे, नेप्च्यूनियम-२३७ चे २१ लाख वर्षांहून अधिक. त्यांच्यासाठी काच टिकणे आवश्यक ठरते.

पुनःप्रवेगाची तिसरी अवस्था

काही प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. महिनोन् महिने मंद गतीने झिजणारी काच अचानक पुन्हा वेगाने झिजू लागली. यास विद्रावणाचा पुनःप्रवेग असे म्हणता येईल. असे होण्याचे कारण झिओलाइट गटातील खनिजे होत. पाण्याचा सामू साधारण १०.५ च्या वर गेला व तापमान जास्त असले की सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका एकत्र येऊन झिओलाइटाचे स्फटिक बनू लागतात. त्यांना लागणारे ॲल्युमिनियम व सिलिकॉन पाण्यातून ओढले जातात, पाण्यातील तूट भरून काढण्यासाठी जेल विरघळू लागते आणि संरक्षक थरच नाहीसा होतो. स्फटिकाचे पहिले बीज तयार होण्यास किती काळ लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून काही संशोधकांनी झिओलाइटाचे बीजस्फटिक मुद्दाम बाहेरून टाकून पाहिले, तेव्हा पुनःप्रवेग बराच लवकर सुरू झाला.

झिओलाइटे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत आढळणारी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही खनिजे याच गटातील असून पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींतून निघालेले त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. पाणी खडकातून झिरपताना त्यातील सिलिका व ॲल्युमिनियम घेऊन पोकळीत हे स्फटिक घडवते. अणुकचऱ्याच्या काचेभोवती हीच घटना घडू नये अशी मात्र अभियंत्यांची इच्छा असते.

परिस्थितीचा परिणाम

तापमान. तापमान वाढले की वेग घातांकी पद्धतीने वाढतो. आरंभीच्या वेगासाठी सक्रियण ऊर्जा प्रतिमोल ७० किलोजूलच्या आसपास धरली, तर २५ अंशांच्या तुलनेत ९० अंशांना काच सुमारे १५० पट वेगाने झिजते. म्हणूनच नव्या काचेतील किरणोत्सर्गजन्य उष्णता पुरेशी ओसरेपर्यंत पाणी काचेपर्यंत पोहोचू नये, अशा जाडीची धातूची आवरणे भूगर्भीय साठवणीच्या आराखड्यात योजिलेली असतात.

सामू. उदासीन पाण्यात, म्हणजे सामू ६ ते ८ च्या दरम्यान असताना, आरंभीचा वेग सर्वांत कमी असतो. अम्लधर्मी पाण्यात हायड्रोजन आयन सोडियम, बोरॉन व ॲल्युमिनियम यांना जाळ्यातून बाहेर काढतात. अल्कधर्मी पाण्यात हायड्रॉक्सिल आयन थेट सिलिकॉन–ऑक्सिजन बंधांवर आघात करतात. आलेख काढल्यास तो इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. सिमेंट-काँक्रीटच्या सान्निध्यातील पाण्याचा सामू १२ च्या वर जाऊ शकतो. बेल्जियमच्या आराखड्यात काचेच्या डब्यांभोवती काँक्रीटचे जाड आवरण आहे. ते पोलादाला गंजण्यापासून वाचवते, परंतु पोलाद फुटल्यानंतर काचेला त्याच अल्कधर्मी पाण्याचा सामना करावा लागतो. एकाचे औषध दुसऱ्याला बाधावे असा हा प्रकार आहे, आणि त्याचा तोल सांभाळणे हा त्या देशातील संशोधनाचा एक मुख्य भाग राहिला आहे.

पाण्याचे प्रमाण व प्रवाह. थोडे पाणी व जास्त पृष्ठफळ असेल तर पाणी लवकर संपृक्त होते आणि वेग घटतो. वाहते पाणी सिलिका धुऊन नेते व काच आरंभीच्या वेगाच्या जवळपास झिजत राहते. या दृष्टीने खोल, जवळजवळ स्थिर पाणी असलेली मृत्तिकेची स्तररचना अनुकूल समजली जाते.

पाण्यात विरघळलेले घटक. शुद्ध पाण्यातील प्रयोगांवरून भूजलाविषयी थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. पाण्यात मॅग्नेशियम असल्यास ते काचेतून सुटलेल्या सिलिकाशी संयोग पावून मॅग्नेशियम सिलिकेट बनवते. सिलिका अशी खर्ची पडत राहिली की पाणी संपृक्त होऊ शकत नाही, आणि मॅग्नेशियमचा पुरवठा असेपर्यंत झीज चालू राहते. गंजणाऱ्या पोलादातून येणारे लोहदेखील लोह-सिलिकेटे बनवून असाच परिणाम करते. म्हणजे काचेचे रक्षण करण्यासाठी भोवती ठेवलेला डबाच पुढे तिच्या झिजेस हातभार लावू शकतो. भोवतालची मृत्तिकाही काही काळ सिलिका शोषून घेते. याच्या उलट, मध्यम सामू असलेल्या पाण्यातील कॅल्शियम जेल थरात शिरून तो अधिक दाट करते व वेग कमी होतो.

काचेची घडण. ॲल्युमिनियम व झिर्कोनियम योग्य प्रमाणात असल्यास काच आरंभी अधिक चिवट असते. तथापि झिर्कोनियम फार वाढवल्यास जेलची पुनर्रचना होण्यास अडथळा येतो, छिद्रे बुजत नाहीत आणि काच दीर्घकाळात अधिक झिजते, असे प्रयोगांत आढळले आहे. थोड्या दिवसांच्या चाचणीत उत्तम ठरणारी काच दीर्घकाळातही उत्तमच ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

चाचण्या

प्रमाणित चाचण्यांपैकी अमेरिकेत विकसित झालेली एक चाचणी विशेष रूढ आहे. तिच्यात काच कुटून ठरावीक आकाराचे कण चाळून घेतात, ते शुद्ध पाण्यात घालून ९० अंश सेल्सिअस तापमानास सात दिवस ठेवतात आणि नंतर पाण्यात उतरलेले बोरॉन, सोडियम, लिथियम व सिलिकॉन मोजतात. दुसऱ्या प्रकारात अखंड काचेचा तुकडा स्थिर पाण्यात २८ दिवस ठेवला जातो. आरंभीचा वेग मोजायचा असल्यास काचेवरून ताजे पाणी सतत वाहते ठेवतात. सात दिवसांची चाचणी कारखान्यात रोज तयार होणारी काच एकसारखी आहे ना, हे तपासण्यासाठी योग्य आहे. हजारो वर्षांचे भाकीत करण्यासाठी ती योजलेली नाही. लोकप्रिय लेखनात या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. दीर्घकालीन वर्तनासाठी फ्रान्समध्ये २५ वर्षांहून अधिक काळ चाललेले प्रयोग उपलब्ध आहेत.

थर कसा बनतो याविषयीचा मतभेद

जेल थर बनतो कसा, याबद्दल एकमत झालेले नाही. एका मतानुसार पाणी काचेत शिरते, सैल आयन बाहेर पडतात आणि मागे राहिलेले जाळे जागच्या जागी पुनर्रचित होते. दुसऱ्या मतानुसार काच पृष्ठभागावर पूर्णपणे विरघळते व लगतच्या अतिपातळ द्रवपटलातून सिलिका लगेच अवक्षेपित होते. अणुपातळीवरील सूक्ष्मदर्शनात मूळ काच व थर यांच्यामधील सीमा अत्यंत तीक्ष्ण दिसते, हा दुसऱ्या मताचा मुख्य आधार आहे. रोलंड हेलमान व सहकाऱ्यांनी २०१५ साली हे मत विस्ताराने मांडले. त्याच वर्षी स्तेफान जँ व सहकाऱ्यांनी सिलिकॉन-२९ या समस्थानिकाने समृद्ध केलेल्या संपृक्त पाण्यात काच ठेवून पाहिली. थर जर पाण्यातील सिलिकापासून बनत असेल तर त्यात हा समस्थानिक मोठ्या प्रमाणात सापडायला हवा होता. प्रत्यक्षात थरातील सिलिकॉन बव्हंशी मूळ काचेतलाच निघाला. त्यामुळे निदान त्या परिस्थितीत तरी पहिल्या मताचे पारडे जड झाले. सामू, तापमान व पाण्याची संपृक्तता यांनुसार दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी खऱ्या असाव्यात, अशीही शक्यता आहे. निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष ताडून पाहता यावेत म्हणून सिलिकॉन, बोरॉन, सोडियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम व झिर्कोनियम या सहाच मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांपासून बनवलेली एक सामाईक साधी काच आता अनेक प्रयोगशाळा वापरतात.

काळाच्या कसोटीवरील पुरावे

प्रयोगशाळेतील वर्षे आणि साठवणीची युगे यांच्यामधील अंतर भरून काढण्यासाठी जुन्या काचांकडे वळावे लागते. कॅनडातील चॉक रिव्हर येथे १९५८ व १९६० साली खराखुरा किरणोत्सर्गी कचरा असलेले काचेचे ठोकळे वालुकामय जमिनीत, भूजल पातळीच्या खाली, कोणत्याही आवरणाविना पुरण्यात आले. पाण्याबरोबर वाहत गेलेल्या स्ट्रॉन्शियमचा माग काढून झीज मोजली गेली. ती आरंभी जास्त व पुढे अत्यंत मंद असल्याचे आढळले.

मानवनिर्मित काचेचा याहून जुना साक्षीदार भूमध्य समुद्रात सापडला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळील एंबिए बेटालगत सुमारे १,८०० वर्षांपूर्वी एक रोमन जहाज बुडाले. त्यावर कच्च्या काचेचे ठोकळे लादलेले होते. हे ठोकळेही अणुकचऱ्याच्या काचेप्रमाणेच थंड होताना तडकलेले आहेत. त्यांच्या बाहेरील, समुद्राचे पाणी खेळते राहिलेल्या भेगांत बदललेल्या काचेचा थर जाड आहे, तर आतील अरुंद भेगांत तो फारच पातळ असून काही भेगा झिजेतून निर्माण झालेल्या पदार्थांनीच बुजून गेल्या आहेत. प्रयोगशाळेत मिळालेले वेग वापरून केलेले गणित या जाडींशी जुळले, म्हणून या उदाहरणास विशेष महत्त्व दिले जाते. ज्वालामुखीतून निघालेल्या बेसाल्टी काचेची रचना अणुकचऱ्याच्या काचेशी पुरेशी मिळतीजुळती आहे. आइसलँडमधील लक्षावधी वर्षांच्या जुन्या नमुन्यांत तिचे अवशेष अजून टिकून आहेत.

भारतातील काच

भारतात काचीकरणाची संयंत्रे तारापूर, तुर्भे व कल्पाक्कम येथे असून पहिली दोन महाराष्ट्रात आहेत. तारापूर येथे काचेने भरलेले डबे हवेने थंड ठेवणाऱ्या देखरेखीखालील साठवणगृहात ठेवले जातात. अंतिम भूगर्भीय साठवण देशात अद्याप उभारलेली नाही.

तुर्भे येथील जुन्या कचऱ्यात सल्फेटाचे प्रमाण लक्षणीय आहे. पुनःप्रक्रियेत प्लुटोनियम वेगळे करताना वापरलेल्या फेरस सल्फामेटातून ते येते. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फारसे मिसळत नाही. वितळलेल्या काचेवर ते पिवळसर क्षारांच्या थराच्या रूपात वेगळे तरंगते. हा थर पाण्यात सहज विरघळणारा असतो व सीझियम त्यातच जमा होते. असा थर डब्यात राहून गेला तर उरलेली काच कितीही टिकाऊ असली तरी उपयोग नाही, कारण पाण्याचा पहिला स्पर्श होताच सीझियम बाहेर पडेल. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी यावर बेरियम बोरोसिलिकेट काचेचा उपाय शोधला. बेरियममुळे काचेची सल्फेट सामावून घेण्याची क्षमता वाढते आणि तो पिवळा थर वेगळा होत नाही. तुर्भे येथील काचीकरणासाठी ही काच प्रत्यक्ष वापरात आणली गेली.